माहेरची वीज

रविवार, महाराष्ट्र एक्सप्रेस

माझं सासर चंद्रपूरचं आणि माहेर कोल्हापूरचं. चंद्रपुरात शाळेत भूगोल शिकवते. ऊर्जासाधनांचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने पडतात. डावीकडे कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू. उजवीकडे पाणी, ऊन, वारा, जैविक इंधन. मुलं लगेच ठरवून टाकतात, डावीकडचं वाईट आणि उजवीकडचं चांगलं.

डाव्या रकान्यासाठी माझ्या मुलांना पुस्तक उघडावं लागत नाही. खाणी शहराला लागून आहेत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसतात, हिवाळ्यात पहाटे घसा खवखवतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होतं. आपल्याकडच्या कोळशात तीस ते पंचेचाळीस टक्के राखच असते. म्हणजे शंभर वाघिणी कोळसा जाळला की तीस-चाळीस वाघिणी राख मागे उरते, आणि ती कुठेतरी ठेवावी लागते.

उजवा रकाना मात्र आमच्या वर्गाला पुस्तकातूनच माहीत. कोल्हापुरात तो जवळपास सगळा आहे. धरणावरची वीज, उसाच्या चोथ्यावरची वीज, गोबरगॅस, शेतावरचे सौर पंप. एक वारा तेवढा नाही. पवनचक्क्या पाहायच्या तर साताऱ्याकडे वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर जावं लागतं. या वेळी माहेरी जायचं ते हा रकाना डोळ्यांनी पाहायला, आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं: मागे काय उरतं आणि ते कुणाच्या दारात पडतं?

वर्ध्याला गाडी पकडली. भुसावळच्या अलीकडे दीपनगरच्या वीज केंद्राचे दिवे दिसले. पुढचा प्रवास झोपेत गेला.

सोमवार, घरी

दादा स्टेशनवर आला होता. आमचं गाव राधानगरीच्या रस्त्यावर, भोगावतीच्या काठाला. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. जानेवारीचा शेवट म्हणजे गाळप हंगाम भरात असतो, एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यामागे आपण.

वहिनीने चहा टाकला तो गोबरगॅसवर. शेगडीची ज्योत निळी, भांड्याच्या बुडाला काजळी नाही. आमची आई याच स्वयंपाकघरात चुलीपुढे फुंकणी घेऊन बसायची, तिचे डोळे कायम लाल असत. गोठ्यात दोन म्हशी, एक गाय आणि दोन वासरं. रोजचं चाळीस-पन्नास किलो शेण, तितकंच पाणी, आणि दोन घनमीटरचा घुमट. वहिनी म्हणाली, "थंडीत जरा कमी येतो गॅस, पण दोन वेळचा सैपाक निघतोय. सिलिंडर पाव्हणेरावळे आले की मगच."

घुमटाच्या दुसऱ्या तोंडातून शेणकाला बाहेर येतो. तो दादा उसाला आणि परसातल्या वांग्यांना सोडतो. शेण उकिरड्यावर तसंच कुजलं तर त्यातला थोडाफार मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. इथे तोच चुलीत जळतो आणि उरतं ते खत होऊन शेतात जातं. माझ्या प्रश्नाचं इतकं नितळ उत्तर पुढे कुठेच मिळालं नाही.

मंगळवार, राधानगरी

सकाळी मी, दादा आणि भाची निघालो. भाची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "आत्ती, तू फक्त बघू नकोस, आकडे पण लिही," असं म्हणून तिने मला वहीच दिली.

राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. त्या काळात एका संस्थानाने स्वतःच्या हिमतीवर एवढं धरण आखणं ही केवढी दूरदृष्टी! महाराज १९२२ साली गेले, धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. साठा ८.३६ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरच्या लहान पोरालाही ठाऊक असतात. पाणी ३४७.५० फुटांवर चढलं की दरवाजे आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात, आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी सुटतं. पावसाळ्यात "किती दरवाजं उघडलं?" हा जिल्ह्याचा प्रश्न असतो.

आता जानेवारीत दरवाजे कोरडे. पाणी फेजिवड्याच्या बाजूला, पायथ्याच्या वीजगृहातून बाहेर पडत होतं. आत जायला परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती, म्हणून बाहेरूनच पाहिलं. पाणी फेसाळत येतं आणि दहा-वीस पावलांत शांत होऊन नदीच्या वाटेला लागतं. धूर नाही, राख नाही. नुसती एक खोल घरघर जमिनीतून तळव्यांना जाणवते. मूळचं वीजगृह ४.८ मेगावॅटचं. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. भाचीने मोबाईलवर भाग घातला: सहाशेवा हिस्सा.

मी विचारलं, हे वीजगृह आज का चालू आहे? ती म्हणाली, "उसाला पाण्याचं आवर्तन सुटलंय म्हणून. इथं वीज पाण्याच्या मागनं जाते." खरं आहे. हे धरण आधी शेतीचं आणि मग विजेचं. विजेची मागणी संध्याकाळी वाढली म्हणून इथे मनाला येईल तेव्हा पाणी सोडता येत नाही, खाली माणसं त्या पाण्यावर पीक घेतात.

परतीच्या वाटेवर दादाने एका बंधाऱ्यापाशी गाडी थांबवली. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या बसवलेल्या आणि मागे पाणी तुंबलेलं. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, नंतर पुन्हा घालायचे. काठाला ओळीने जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरी, त्यांवर मोटारी, मोटारींतून निघालेले जाड पाइप डोंगराच्या उतारावर चढत गेलेले. मी बराच वेळ ते पाइप पाहत उभी राहिले. धरणातून पडताना या पाण्याने वीज दिली. तेच पाणी वाहत इथवर आलं, आणि आता त्याला वर चढवायला वीज लागते. पाणीपुरवठा संस्थांच्या पन्नास-पन्नास, शंभर-शंभर अश्वशक्तीच्या मोटारी आहेत. राधानगरीची वीज त्यांना कुठे पुरणार? बाकीची तारेतून येते, आणि त्यात आमचा कोळसा असतो. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी मी मुलांना नकाशावर दाखवते. विदर्भात जळलेल्या कोळशाची वीज त्या वाटेने पश्चिमेकडे येते.

दादाला मी पुनर्वसनाबद्दल विचारलं. दूधगंगेवरच्या काळम्मावाडीच्या धरणात २५.४० टीएमसी पाणी राहतं, त्याच्या तळाशी गावं आहेत. त्या गावांतली माणसं आज वसाहतींत राहतात. दादाच्या ओळखीचे एक काका तिथले. दिलेली जमीन अजून नावावर व्हायची आहे म्हणून ते गेली कित्येक वर्षं कचेरीत हेलपाटे घालतात. जलविद्युतपुढे "प्रदूषण नाही" असं लिहिताना हे काका आता मला आठवतील. शिवाय नदी अडली की मासे वर चढत नाहीत आणि गाळ खाली येत नाही. पुराचं गणितही बदलतं. २०१९ आणि २०२१ चे पूर या काठाने सोसलेत. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पण काठावरचा शेतकरी त्याच्याही आधी रात्री-अपरात्री दोरखंड घेऊन मोटारी वर ओढायला जातो.

वेळ होता म्हणून दुर्गमानवाडला विठ्ठलाईच्या दर्शनाला गेलो. वरचं पठार लाल दिसतं, कारण जांभ्याच्या थरात बॉक्साइट आहे आणि ते इथे खणलं गेलंय. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम होतं. एक टन ॲल्युमिनियमला चार-पाच टन बॉक्साइट लागतं आणि चौदा हजार युनिटांच्या आसपास वीज. विजेच्या तारा ॲल्युमिनियमच्या, सौर पॅनेलच्या चौकटीही त्याच्याच. स्वच्छ विजेलाही एक डोंगर लागतोच, तो बहुतेक वेळा आपल्या नजरेआड असतो एवढंच. इथे तो माझ्या माहेरच्या तालुक्याशेजारी निघाला.

बुधवार, गुऱ्हाळ

सगळ्यात जास्त वेळ मी इथेच काढला.

गुऱ्हाळ लांबून कळतं ते वासाने. मळ्याच्या कडेला छप्पर, बाहेर चिपाडं पसरलेली. घाण्यातून निघालेला ओला चोथा दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचा, मग तो चुलवाणात जाळायचा. म्हणजे उसाने वर्षभर ऊन प्यायलं, त्यावर चिपाडाला आणखी ऊन दिलं, आणि त्या उन्हावर रस आटवायचा. बाहेरून इंधन जवळपास येतच नाही.

चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या बसलेला. पाय खड्ड्यात सोडलेले, डाव्या हाताशी चिपाडाचा ढीग, उजव्या हातात लोखंडी दांडा. तो एका वेळी मूठभरच चिपाड आत सारत होता. मी विचारलं, एकदम जास्त का घालत नाही? म्हणाला, "एकदम कोंबलं की धूर हुतोय, आग पडती. थोडं थोडं, सारखं." इंधन पूर्ण जळायला हवा पुरली पाहिजे, हे मी आठवीला एक तास घेऊन शिकवते. तो ज्वाळेचा रंग बघून हात चालवत होता. पांढरट पिवळी ज्वाळा असेपर्यंत चिपाड, तांबूस व्हायला लागली की हात थांबला.

वर काहील, म्हणजे रसाची मोठी कढई उकळत होती. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. गुळव्या मध्ये मध्ये पाक थंड पाण्यात टाकून बोटाने गोळी होते का ते बघत होता. एकदा झाली म्हणताच सगळी माणसं एकदम हलली, काहील ओढून वाफ्यात ओतली, आणि आदण उतरलं. तो गरम गूळ आम्हाला उसाच्या कांडीवर लावून दिला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या चवीत या माणसांच्या नजरेचा वाटा किती मोठा आहे, हे इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

चुलवाणातली राख शेतात जाते. पण धूर आहे, आणि जळव्याच्या छातीत तो रोज जातो. तो खोकत होता. हंगाम संपला की बरं वाटतं म्हणाला. चुलवाणाची रचना सुधारली, हवा नीट फिरली, धुराडं उंच केलं तर चिपाडही कमी लागतं आणि धूरही कमी होतो. हे कुणाला माहीत नाही असं नाही. पण गुऱ्हाळंच एकेक करून बंद पडताहेत, तर मालक खर्च कशाच्या बळावर करणार?

संध्याकाळी वाटेत दोन फडांत पाचट पेटवलेलं दिसलं. ऊस तुटून गेल्यावर उरलेला पाला. रान मोकळं होतं म्हणून काडी लावतात. दादा गेली काही वर्षं पाचट जाळत नाही, सरीत कुट्टी करून कुजवतो. "पाणी एक-दोन पाळ्या कमी लागतं बघ, गांडुळं आलीत रानात," तो म्हणाला.

गुरुवार, साखर कारखाना

दादाच्या ओळखीने एका कारखान्याचा सहवीजनिर्मिती विभाग पाहिला. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा निघतो, त्यात निम्मं पाणी. तो बॉयलरमध्ये जातो, उच्च दाबाची वाफ टर्बाइन फिरवते, आणि तीच वाफ दाब उतरल्यावर रस आटवायला वापरतात. वाफेला दोनदा राबवायची ही पद्धत मला फार आवडली. आमच्याकडच्या औष्णिक केंद्रांत टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेतली बहुतेक उष्णता थंड पाण्यात आणि हवेत जाते. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकली जाते. ऊस वाढताना हवेतला जो कार्बन घेतो तोच जळताना परत जातो, म्हणून बगॅस उजव्या रकान्यात.

पण कारखान्याच्या मागच्या वाडीतल्या एका आजीने मला गच्चीवर नेलं आणि पायाखालची फरशी दाखवली. बोट फिरवलं तर काळं. "हंगाम सुरू झाला की पापड घालायचं न्हाईत," ती म्हणाली. चंद्रपूरच्या माझ्या गच्चीवर अशीच बोटं काळी होतात. इंधन उगवून आलेलं असो की खणून काढलेलं, धुराड्यात कण धरणारी यंत्रणा नीट चालवली नाही तर शेजाऱ्याच्या फुफ्फुसाला दोन्ही सारखेच. हे वाक्य मी वहीत रेघ मारून लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट मळीची. साखरेनंतर उरलेल्या मळीपासून अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, काढतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठलं. खनिज तेलाची आयात तेवढी वाचते, आणि उसाला भाव मिळायला हातभार लागतो, हे माझ्या भावाच्या घरात बसून मी नाकारणार नाही. पण मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश तयार होतो. तो तांबडा-काळा, आंबूस वासाचा द्रव प्रक्रिया न करता ओढ्यात गेला की पाण्यातला प्राणवायू संपवतो. पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या कोल्हापूरकरांनी किती वेळा वाचल्या आहेत. नदीत शहराचं सांडपाणी जातं, उद्योगांचं जातं. कुणा एकाकडे बोट दाखवून भागत नाही. स्पेंटवॉशपासून बायोगॅस करता येतो, उरलेला आटवून जाळता येतो किंवा कंपोस्टमध्ये मुरवता येतो. तंत्र आहे. ते चोवीस तास चालू ठेवायला पैसा लागतो आणि बाहेरून कुणीतरी नजर ठेवावी लागते.

आणि ऊस पाणी पितो. त्या पाण्याला वीज लागते. उसाच्या विजेचा हिशेब फडापासून करायला हवा. बॉयलरपासून केला तर तो नेहमीच चांगला दिसेल.

रात्री गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायलो. भाचीने दोन ग्लास संपवले.

शुक्रवार, शिरोली

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतली एक छोटी फौंड्री. कोल्हापूरची फौंड्री म्हणजे वाळूचे साचे, वितळलेलं लोखंड आणि पिढ्यान् पिढ्या हातात बसलेलं ओतकाम. शेतीच्या ऑईल इंजिनांपासून इथली कारागिरी वाढली, आज मोटारींचे सुटे भाग देशाबाहेर जातात.

या मालकांनी जुनी क्युपोला भट्टी बंद करून इंडक्शन भट्टी घेतली आहे. क्युपोलात कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन), चुनखडी आणि लोखंड थरावर थर रचायचे. धूर आणि ठिणग्या वरून. आता भट्टीभोवती तांब्याचं वेटोळं, वीज सोडली की आतलं लोखंड स्वतःच तापतं. कामगारांच्या डोक्यावरचा धूर गेला, परिसर स्वच्छ झाला. मालक अभिमानाने दाखवत होते आणि तो अभिमान रास्त आहे.

मग भाचीने चहाच्या टेबलावर हिशेब मांडला. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शनला साधारण सहाशे युनिटं. देशातल्या सरासरी विजेमागे एका युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे चारशेवीस किलो. क्युपोलात टनाला एकशेचाळीस किलोच्या आसपास कोक धरला, तर त्यातून चारशे-सव्वाचारशे किलो. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे!

मालक गप्प झाले. मीही. शिरोलीचा धूर नाहीसा झालेला नव्हता, तो तारेतून माझ्या गावी आला होता. मी हे कडवटपणाने लिहीत नाही. इथल्या कामगाराची छाती वाचली हे चांगलंच झालं. आणि विजेच्या भट्टीचा एक मोठा फायदा आहे: तारेतली वीज जसजशी स्वच्छ होईल, तसतशी ही भट्टी आपोआप स्वच्छ होत जाईल. कोकची भट्टी कधीच होणार नाही. मालकांना छपरावर सौर पॅनेल घालायची आहेत. दिवसपाळीला त्याचा उपयोग होईल, मात्र भट्टीचा सगळा भार काही छपरावर मावायचा नाही.

देशाची निम्मी स्थापित क्षमता आता बिगर-जीवाश्म इंधनांची झाली आहे, अशी बातमी २०२५ मध्ये आली तेव्हा वर्गात टाळ्या वाजल्या होत्या. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत आजही सत्तर-पंचाहत्तर टक्के कोळशाचीच असते, कारण सूर्य रात्री नसतो आणि कोळसा रात्रीही जळतो.

शनिवार, रान

या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे येणाऱ्या वीजवाहिनीला, मोटारी चालवणारी थ्री फेज वीज रात्रीची. दादा जेवून बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन निघाला, मी हट्टाने बरोबर गेले. उसात पाणी पाजायचं म्हणजे सरीसरीने बारं मोडत जायचं. पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, आणि दर पावलाला साप असेल का हा विचार. पलीकडच्या वस्तीवर गवे येतात. दादा साठीकडे झुकलाय. मोटर चालू झाल्यावर तो बांधावर बसला आणि म्हणाला, "आमाला फुकटची लाईट नको ग, दिवसाची दे म्हणावं."

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. दादाने मागितलेली गोष्ट वेगळी आहे आणि ती देणं शक्यही आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभे करून तिथल्या शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची कल्पना आहे. वीज जवळ तयार होऊन जवळच वापरली जाते, तारेतली गळती कमी, आणि शेतकऱ्याची रात्र वाचते. शेताशेतावरचा सौर पंप दादाला पुरत नाही. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यावर साडेसात, असा सौर पंपांच्या योजनेचा हिशेब. विहिरीला तो उत्तम. नदीवरून टेकडीवर पाणी चढवणाऱ्या संस्थेला फिडरच सौर व्हायला हवा.

जमीन कुठली घ्यायची, हा प्रश्न राहतोच. गावकुसाबाहेरची गायरानं रिकामी दिसतात, पण तिथे धनगरांची मेंढरं चरतात आणि कुणाचं तरी सरपण तिथून येतं. पंचवीस वर्षांनी निकामी पॅनेलचं काय करायचं, हेही आजच ठरवायला हवं. तरी त्या रात्री बांधावर बसून मला सौर फिडरची बाजू घ्यायला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

रविवार, पाटगाव

शेवटचा दिवस. गारगोटीवरून भुदरगडच्या टोकाला, पाटगावला. मौनी महाराजांचा मठ, वेदगंगेवरचं मौनी सागर धरण आणि भोवती सह्याद्रीचं दाट रान. राज्याने ज्या गावांना मधाचं गाव म्हणून पुढे आणलं त्यांत पाटगाव आहे. घराच्या मागे, झाडाखाली, बांधावर मधपेट्या. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी सातेरी माश्यांची पेटी उघडून दाखवली. चौकट उचलताना ते इतक्या हळू उचलत होते की एक माशी बोटाखाली आली तर बोट थांबवून वाट बघत.

या परिसरात उदंचन जलविद्युत प्रकल्पाची चर्चा आहे आणि तिला विरोधही झाला आहे. उदंचन म्हणजे वर एक तळं, खाली एक. दिवसा ऊन मुबलक असतं तेव्हा जादा विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज घ्यायची. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून आहे. शंभर युनिटं घातली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, म्हणजे हा विजेचा झरा नव्हे, साठवण आहे. आणि साठवण लागणारच. शिरोलीची भट्टी रात्री कोळशाशिवाय चालवायची तर दिवसाचं ऊन कुठेतरी ठेवावं लागेल. चंद्रपूरच्या माणसाला हे नको कसं म्हणवेल?

मधवाल्या काकांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "वरचं तळं कुठं करणार? सड्यावर का रानात? जांभूळ, हिरडा गेला तर माशी कशावर बसायची?" हा राधानगरीपासून तिलारीकडे जाणारा वन्यजीवांचा मार्ग आहे; राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. त्यांचा प्रश्न फक्त माश्यांचा नव्हता.

भाची आणि दादा गाडीत भांडत आले. तिचं म्हणणं, जिथे आधीच दोन जलाशय वर-खाली आहेत किंवा सोडून दिलेल्या खाणींचे खड्डे आहेत, तिथे उदंचन आधी करा, रान शेवटी. दादाचं म्हणणं, तुझ्या म्हणण्याने कोण करतंय. मी म्हटलं, विचारायला जागा आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना सांगते की असल्या प्रकल्पाची जनसुनावणी घ्यायची, तिची जाहीर सूचना किमान तीस दिवस आधी द्यायची, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करायचा. तिथे काका बोलू शकतात.

गारगोटीत चहाला थांबलो तेव्हा भाचीने वही माझ्याकडून परत घेतली आणि मागच्या पानावर काकांसाठी प्रश्न लिहायला सुरुवात केली. वरच्या तळ्याखाली किती हेक्टर रान जाणार? पाणी पहिल्यांदा भरायला आणि बाष्पीभवनाची तूट भरायला कुठून घेणार, आणि त्यामुळे वेदगंगेकाठच्या आवर्तनात किती घट होणार? खोदकामाचा राडारोडा कुठे टाकणार? पारेषणाचे मनोरे कोणत्या रानातून जाणार? पर्यायी जागा कोणत्या तपासल्या आणि का नाकारल्या? दादाने चहाचा कप खाली ठेवला आणि तिला आणखी एक प्रश्न लिहायला लावला: त्या विजेतली किती आमच्या फिडरला, दिवसा?